नथीपासून भिंग किती दूर असावे?

लग्नाची छायाचित्रे काढू लागलेल्या तरुणांच्या तोंडी मॅक्रो लेन्सबद्दल, म्हणजे दागिन्यांसारख्या लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सबद्दल, एक विधान वारंवार ऐकू येते: '६० मि.मी.चे मॅक्रो लेन्स घ्यावे, कारण १०० मि.मी.मध्ये अंगठीची जेमतेम एकच कड स्पष्ट येते.' हे विधान चुकीचे आहे, आणि ज्या गणिताने ते खोटे ठरते त्याच गणिताने लेन्सची निवडही होते.

दहावीच्या पुस्तकातील किरणाकृती आठवावी. बहिर्वक्र भिंगापासून नाभीय अंतराच्या (लेन्सचा ६० किंवा १०० मि.मी. हा आकडा म्हणजे हेच अंतर) दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली, की पलीकडे तेवढ्याच अंतरावर तिची तेवढ्याच आकाराची उलटी प्रतिमा मिळते. मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच: २० मि.मी. रुंदीची अंगठी सेन्सरवरही २० मि.मी.चीच उमटते.

आता अंगठीच्या एका बिंदूपासून निघून भिंगाच्या छिद्रात शिरणाऱ्या प्रकाशाच्या शंकूचा विचार करू. हा शंकू जितका रुंद, तितका फोकसचा पट्टा, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, अरुंद. १०० मि.मी.चे भिंग वस्तूपासून अधिक दूर असते हे खरे. परंतु एफ/८ म्हणजे छिद्राचा व्यास नाभीय अंतराचा आठवा भाग (यातील ८ हा एफ-क्रमांक), त्यामुळे त्याचे छिद्रही त्याच प्रमाणात मोठे असते. अंतर आणि छिद्र दोन्ही एकाच पटीने वाढल्यामुळे शंकूचा कोन बदलत नाही. सूत्रात मांडायचे तर, विशालन 'वि', एफ-क्रमांक 'ए' आणि खपवून घेण्याजोगा धूसर ठिपका 'ठ' मानल्यास फोकसच्या पट्ट्याची खोली २ × ए × ठ × (१ + वि) ÷ वि² एवढी भरते. यात नाभीय अंतर कुठेही येत नाही. ३६ × २४ मि.मी.च्या सेन्सरसाठी 'ठ' ०.०३ मि.मी. धरला, तर १:१ ला एफ/८ वर ही खोली ०.९६ मि.मी. येते, मग लेन्स ६० चे असो वा १०० चे. दूरची पार्श्वभूमी १०० मध्ये अधिक विरघळलेली दिसते, पण तो वेगळा परिणाम आहे.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण १:१ ला प्रतिमा दुप्पट अंतरावर पडते आणि एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखे वागते. अशा छिद्रातून जाताना हिरव्या प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे तो पसरून, प्रत्येक बिंदूची सुमारे ०.०४३ मि.मी. व्यासाची चकती होते, म्हणजे आपण खपवून घेतलेल्या ठिपक्याहूनही मोठी. पट्टा रुंदावतो खरा, परंतु त्याच्या आतील सारेच मऊ पडते. त्यापेक्षा विशालन निम्मे करावे: १:२ ला एफ/८ वरच खोली तिप्पट, म्हणजे २.८८ मि.मी. होते. चौकटीत ७२ × ४८ मि.मी.चा भाग मावतो, आणि नथ किंवा मंगळसूत्राच्या वाट्या यांना तेवढा पुरेसा असतो.

नाभीय अंतराने खरा फरक पडतो तो लेन्सचे तोंड आणि वस्तू यांमधील मोकळ्या जागेत. जाहिरातीत दिलेले किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, आणि त्यातील मोठा वाटा कॅमेरा व लेन्स स्वतःच खातात. १:१ ला ६० मि.मी.च्या लेन्सपुढे साधारण ५ सें.मी., तर १०० मि.मी.च्या लेन्सपुढे साधारण १४ सें.मी. उरतात. पाच सेंटिमीटरवर लेन्सची सावली वस्तूवर पडते, आणि नथ घातलेल्या नवरीच्या नाकाशी इतक्या जवळ काच नेणे अवघडच. म्हणून पूर्ण आकाराच्या (३६ × २४ मि.मी.) सेन्सरसाठी ९० ते १०५ मि.मी.चे लेन्स योग्य. त्यातून चेहरेही उत्तम येतात. १८० मि.मी.चे लेन्स जड असते आणि हातातील कंप अधिक दाखवते.

खर्च परवडत नसल्यास साध्या ५० मि.मी.च्या लेन्समागे २५ मि.मी.ची पोकळ नळी लावावी. अनंतावर फोकस ठेवलेल्या लेन्सचे विशालन नळीची लांबी भागिले नाभीय अंतर एवढे, म्हणजे नेमके १:२ मिळते. नळी असेपर्यंत दूरचे काहीच फोकस होत नाही, त्यामुळे दागिन्यांची छायाचित्रे आटोपून अंतरपाट धरण्यापूर्वी ती काढून ठेवावी लागते.