विठाई

विठाई : पंढरपूरच्या विठ्ठलाला आई मानून केलेल्या भक्तीतील त्याचे रूप. विठाबाई, विठामाय, विठू माउली या नावांनीही ते आळवले जाते. वारकरी संप्रदायात विठ्ठल हा विष्णूचा, विशेषतः कृष्णाचा अवतार मानला जातो. पंढरपूरच्या गाभाऱ्यातील मूर्ती पुरुषाचीच आहे : विटेवर समचरण उभी, दोन्ही कर कटीवर. मूर्तीच्या घडणीत किंवा पूजाविधीत आईपण शोधून सापडत नाही. रुक्मिणीचे मंदिर वेगळे आहे, आणि विठाई म्हणजे रुक्मिणी नव्हे. विठाई उभी राहते ती भक्ताच्या हाकेत, आणि ही हाक सातशे वर्षे अखंड चालू आहे.

भक्ती आणि वात्सल्य यांचे नाते वैष्णव परंपरेत इतरत्रही आहे, पण बहुधा उलट दिशेने. बंगालच्या गौडीय वैष्णव मतात वात्सल्यभाव म्हणजे भक्ताने यशोदा व्हायचे आणि कृष्णाला लेकरू मानायचे. मराठी संतांनी लेकराची जागा स्वतःकडे घेतली. देव आई झाल्यावर त्याच्यावर रुसता येते, त्याच्याशी भांडता येते, हट्ट धरता येतो. पात्रता सिद्ध करण्याचा प्रश्नच उरत नाही.

या भावाचे तात्त्विक रूप ज्ञानेश्वरीत (1290) दिसते. बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर गुरुकृपेला आई म्हणून वंदन करतात. ही आई साधकाला आधारशक्तीच्या मांडीवर वाढवते, हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते, सतराव्या कलेचे, म्हणजे योगातील अमृताचे, दूध पाजते, अनाहत नादाची अंगाई गाते आणि समाधिबोधाने निजवते. योगमार्गाच्या अवघड परिभाषेत पाळणा, दूध आणि अंगाई इतक्या सहजपणे आलेली क्वचितच आढळतात.

नामदेवांकडे (1270–1350) हाच भाव साधकाच्या परिभाषेतून बाहेर पडून भुकेचा होतो. गाय आणि वासरू, हरिणी आणि पाडस, पक्षिणी आणि पिलू या जोड्या ते पुन्हा पुन्हा योजतात. पहाटे चाऱ्यासाठी गेलेल्या पक्षिणीची पिलू उपाशीपोटी वाट पाहते. पान्हा चोरू नकोस, असे वासरू गाईला विनवते. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतील एका पदात नात्याची दिशा फिरते आणि रामनामाविना तळमळणारे नामदेव स्वतःला वासरापासून ताटातूट झालेली गाय म्हणवतात. तुकोबांच्या एका अभंगात सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते आणि आईची चुकामूक झालेले बाळ हुरहुरते. ‘विष्णुदास नामा’ या नाममुद्रेची ‘येई हो विठ्ठले माझे माउली ये’ ही आरती आजही घरोघर म्हटली जाते. तिच्यात माउली म्हणून हाक घातल्यावर पुढे गरुडावर बसून येतो तो ‘कैवारी’. गाणाऱ्या कुणालाही यात विसंगती वाटत नाही.

विठाईला खरा देह दिला तो जनाबाईने. परंपरेनुसार जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती नामदेवांच्या घरी दासी म्हणून आली. आई मेली, बाप मेला, आता विठ्ठला तूच सांभाळ, असे ती सरळ म्हणते. ‘ये गं ये गं विठाबाई, माझे पंढरीचे आई’ या तिच्या हाकेत भीमा आणि चंद्रभागा यांच्यासह देवाला अंगणात नाचायला यायचे आमंत्रण आहे. तिच्या नावावरील अभंगांत देव तिच्याबरोबर दळतो, कांडतो, तुळशीच्या बनात ती वेणी उकलत असता तिच्या डोईला लोणी चोळतो आणि तिला न्हाऊ घालतो. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या दासीला स्वतःच्या डोक्यावर हात फिरवणारे कुणी नव्हते. देवाने तेवढेच केले, आणि जनीने ते ‘सर्व लोकां’ सांगितले. प्रस्तुत विषयात याहून मोठा साक्षात्कार नोंदवता येणार नाही. ‘विठू माझा लेकुरवाळा’ या अभंगात तर सारा संतमेळा देवाच्या अंगाखांद्यावर आहे : निवृत्ती खांद्यावर, सोपान हात धरून, बंका कडेवर, गोरा कुंभार मांडीवर. लेकुरवाळ्या बाईला बाजारातून वाट काढताना पाहिलेल्या नजरेनेच हे चित्र रेखाटता येते.

मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेची मुलगी. बीदरच्या बादशहाची माणसे न्यायला आली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायी गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या अभंगात ती स्वतःला वाघाने धरलेले हरिणीचे पाडस मानते आणि ‘धावे हो जननी विठाबाई’ म्हणून हाक मारते. पंढरपूरच्या मंदिराच्या आवारात तिची समाधी दाखवतात. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई बाळंत होताना विठ्ठल नणंदेच्या रूपाने येऊन बाळंतपण करून गेला, ही कथाही याच ओळीतली. दासी, गणिकेची लेक, गावकुसाबाहेरची बाळंतीण : ज्यांना जगात विसावा नव्हता त्यांच्याकडे विठाई धावत जाते, आणि कामाला हात लावते.

इथेच ती तुळजाभवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी या शक्तिपीठांच्या देवींहून वेगळी ठरते. त्या देवीही आईच आहेत, पण बहुधा हाती शस्त्र धरणाऱ्या, असुरमर्दिनी. त्यांना नवस बोलायचा, गोंधळ घालायचा, जोगवा मागायचा. विठाईच्या हाती शस्त्र नाही, तिला नवस नाही. दोन्ही वाटा एकमेकींना अनोळखी मात्र नव्हत्या. एकनाथांनी (1533–1599) भवानीचा जोगवा आणि गोंधळ यांना भक्तीचा अर्थ दिला आणि पंढरीला माहेर म्हटले. त्या अभंगात मात्र विठ्ठल बाप आहे आणि रखुमाई आई.

वारीत माउली म्हणजे आधी ज्ञानेश्वर, आणि मग कुणीही. गर्दीत वाट मागतानाही ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात आणि वयाचा, जातीचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. पण या आईच्या घराचे दार शतकानुशतके काही लेकरांना बंद होते, हेही नोंदवायला हवे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजांना विठ्ठलमंदिर खुले झाले ते मे 1947 मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर.