बेल गनेसचे दात

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ला पोर्ट गावाबाहेर, २८ एप्रिल १९०८ च्या पहाटे बेल गनेस या नॉर्वेजियन विधवेचं घर जळालं. ढिगाऱ्यात तीन मुलं आणि एक बाई मृत सापडली. बाईला शिर नव्हतं. जुना गडी रे लॅम्फियर याला पोलिसांनी पकडलं, गाव बेलसाठी हळहळलं. ती हळहळ आठवडाभरच टिकली. बेपत्ता भावाच्या शोधात साउथ डकोटाहून आस्ले हेल्गेलियन आला, त्याच्या हट्टामुळे डुकरांच्या वाड्यात खणलं गेलं आणि पोत्यांत भरलेले माणसांचे तुकडे निघू लागले. नॉर्वेजियन भाषेतल्या वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती देऊन बेल सधन पुरुषांना पैशांसकट बोलावत असे.

मग ते बिनशिराचं प्रेत कुणाचं? बेल अंगानं थोराड. हे प्रेत लहान वाटतं, असं शेजारी म्हणू लागले. एका जुन्या सोनं शोधणाऱ्यानं पाण्याचा पाट लावून राख गाळली, तेव्हा कृत्रिम दातांचे ब्रिज, म्हणजे पडलेल्या दातांच्या जागी पक्के बसवलेले सोन्याचे जोड, मिळाले. ते मीच बसवले होते, असं तिच्या दंतवैद्यानं सांगितलं.

लॅम्फियरवरच्या खटल्यात त्याच्या बचाव पक्षानं शंका काढली की एवढ्या आगीत हे शाबूत कसे? तसंच ब्रिज मानवी जबड्याला जोडून लोहाराच्या भट्टीत घातलं, तर खऱ्या दातांचा चुरा झाला आणि सोनं वितळू लागलं. कोर्टात प्रभाव पडावा असाच हा प्रयोग, पण मला तो लंगडा वाटतो. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. भाता लावलेली भट्टी तिथवर सहज जाते. कोसळलेल्या भिंतींखाली, हवा कमी मिळते तिथे, तेवढी उष्णता पोचेलच असं नाही.

प्रेतांच्या पोटात शिकागोच्या रसायनतज्ज्ञाला सोमल (आर्सेनिक) आणि स्ट्रिक्निन ही विषं सापडली. सोमलाचं फार मनावर घेऊ नये, कारण प्रेतं टिकवायला त्या काळी तो वापरत. स्ट्रिक्निनला मात्र अशी पळवाट नाही. (आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांत असतं तेच हे विष.) लॅम्फियर खुनातून सुटला, जाळपोळीत अडकला आणि १९०९ मध्ये तुरुंगातच वारला.

२००७ मध्ये इंडियानापोलिस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ते प्रेत पुन्हा उकरलं. बेलनं पाठवलेली पाकिटं जपून ठेवलेली होती; ती चिकटवताना लागलेल्या थुंकीतून तिचा डीएनए मिळेल आणि हाडांशी जुळवता येईल, अशी आशा होती. पण शंभर वर्षांत डीएनएच्या साखळीचे बारीक तुकडे झाले होते, जुळवणीला लागणारे सलग भाग हाती आलेच नाहीत.