‘रक्त कमी आहे’, पण का?

बाई दमते, मूल फिकट दिसतं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘रक्त कमी आहे.’ खरं तर कमी झालेलं असतं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. बहुतेकदा लोहाची कमतरता हेच त्याचं कारण निघतं. पण विदर्भात किंवा नंदुरबारच्या पट्ट्यात तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. तिथे सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे.

तांबड्या पेशी हाडांमधल्या मगजात तयार होतात आणि साधारण 120 दिवस जगतात. त्या इतक्या लवचीक असतात, की स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये नेमकी हीच लवचीकता हरवते. हिमोग्लोबिन साखळ्यांचं बनलेलं असतं; त्यातल्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात; त्यांतलं एकच, सहावं, बदललेलं असतं. तेवढ्यानं प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या कांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडं, पाठ, पोट असह्य दुखतं, आणि कित्येक घरांत तो वात समजून तेल चोळलं जातं. शिवाय या पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटतात. मगज कितीही राबला तरी भरपाई होत नाही. म्हणजे इथे तूट लोहाची नसते. तपासणी न करता लोहाच्या गोळ्या देत राहणं म्हणूनच चुकीचं.

जन्मानंतर पहिले काही महिने बाळ ठणठणीत असतं, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच नसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मोठ्या वयात हेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. मला या आजारातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही वाटते. भरपूर पाणी पिणं आणि थंडीपासून जपणं, यांनीही दुखण्याचे झटके कमी होतात.

‘एएस’ म्हणजे वाहक, आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेला माणूस. त्याला सहसा काहीच त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. आईबाप दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती बदलत नाही.

गावातल्या आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. हातातल्या कागदावर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल, तर पुढची चाचणी मागून घ्या.