पक्षी-खाद्यपात्र
पक्षी-खाद्यपात्र : रानपक्ष्यांना दाणा मिळावा आणि ते जवळून पाहता यावेत, यासाठी बागेत टांगलेले किंवा खांबावर बसविलेले पात्र. उघडे तबक, नळी, जाळी, साखरपाण्याची कुपी हे त्याचे प्रकार सर्वपरिचित आहेत.

या पात्राचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. स्कॉटलंडमधील संत सर्फ यांनी एका रॉबिनला खाऊ घालून माणसाळविले, या कथेपासून काही लेखक सुरुवात करतात. सर्फ यांचा काळ सामान्यतः सहावे शतक सांगितला जातो, पण तो निश्चित नाही. शिवाय कथेत पक्षी आहे, दाणा आहे, पात्र मात्र नाही. इंग्रज कवी व निसर्गनिरीक्षक जॉन फ्रीमन डोव्हॅस्टन यांनी १८२५ च्या सुमारास गुरांच्या जुन्या गव्हाणीला बसण्यासाठी काड्या लावून ती टांगली आणि तिला ‘ऑर्निथोट्रोफ’ (पक्षिपोषक) असे ग्रीक वळणाचे नाव दिले. तिसरा पक्ष जर्मन सरदार हान्स फोन बेर्लेप्श यांच्याकडे बोट दाखवतो. पाऊस व बर्फ यांपासून दाणा कोरडा ठेवणारी त्यांची ‘खाद्यगृहे’ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्धीस आली. किडी खाणारे पक्षी टिकावेत, हा त्यांचा हेतू मुख्यतः उपयुक्ततेचा होता. पात्र केवळ पक्ष्यांसाठी मुद्दाम जुळविलेले असावे एवढीच अट ठेवल्यास डोव्हॅस्टन यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. ब्रिटनमध्ये या छंदाचा प्रसार बहुधा १८९०–९१ च्या कडक हिवाळ्यानंतर झाला. वृत्तपत्रांनी तेव्हा पक्ष्यांसाठी पावाचा चुरा बाहेर ठेवण्याचे आवाहन केले होते.

कोणता पक्षी येईल हे बव्हंशी चोच ठरवते. सूर्यफुलाच्या बिया सर्वाधिक जातींना चालतात, बारीक कारळे फिंचकुळातील पक्ष्यांना, तर चरबीचे गोळे सुतार व टिट पक्ष्यांना. गुंजन पक्ष्यांसाठी चार भाग पाण्यात एक भाग साखर घालतात. मध व रंग टाळतात. नवे पात्र पक्ष्यांच्या ध्यानात यायला कित्येक दिवस लागू शकतात. जवळ झुडूप असल्यास ते लवकर धीट होतात, पण त्याच झुडपात मांजरही दबा धरते. खिडकीवर आपटून पक्षी मरतात, म्हणून पात्र काचेपासून १ मी.च्या आत किंवा बरेच लांब ठेवावे. आत ठेवण्याचे कारण असे की एवढ्या अंतरात पक्ष्याला घातक वेग येत नाही.

आयत्या दाण्याने पक्षी परावलंबी होतात, हा जुना आक्षेप. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात काळ्या टोपीच्या चिकॅडी या लहान पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात (१९८८) दाणा मिळणाऱ्यांपैकी सु. ६९% हिवाळा तगले, न मिळणाऱ्यांपैकी ३७%. त्याच संशोधकांच्या नंतरच्या कामात पात्रे काढून घेतल्यावरही सवय जडलेल्या पक्ष्यांचे जगणे इतरांइतकेच राहिले. आक्षेपाला यापेक्षा थेट उत्तर क्वचितच मिळते. अर्थात ही निरीक्षणे थंड प्रदेशातील एकाच जातीची आहेत.

रोगाचा धोका मात्र वादातीत आहे. एका जागी दाटी झाली की संसर्ग फैलावतो. अमेरिकेतील हाउस फिंचांमध्ये १९९४ मध्ये मायकोप्लाझ्मा या जीवाणूमुळे होणारा डोळ्यांचा रोग आढळला. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीने ग्रीनफिंचांची संख्या झपाट्याने घटविली. ओलसर शेंगदाण्यांवरील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही पक्ष्यांना मारक ठरते. पात्र नियमित धुऊन पूर्ण वाळवणे, खालचा कुजका दाणा उचलणे आणि आजारी पक्षी दिसताच काही आठवडे पात्र काढून ठेवणे, हे उपाय सुचविले जातात.