गोठवलेल्या गोळ्यांद्वारे संमीलन-इंधनभरण

हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या अणुसंमीलन भट्टीतील प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या गोठवलेल्या गोळ्या डागून इंधन पुरवण्याची पद्धत.

१,००० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला वर्षाकाठी सुमारे २७ लाख टन कोळसा लागतो. वणी, घुग्घुस भागातल्या गावांना ही वाहतूक आणि तिची धूळ रोजचीच. तेवढ्याच क्षमतेच्या संमीलन केंद्राला अंदाजे २५० किलो इंधन वर्षभर पुरेल. खरी अडचण आहे ती हे थोडके इंधन प्लाझ्माच्या गाभ्यात पोचवण्याची. गाभ्याचे तापमान १५ कोटी अंश सेल्सियस असते. नुसता वायू सोडला तर त्याचे अणू कडेलाच आयनीभूत (विद्युतभारित) होऊन, प्लाझ्माला कोंडून ठेवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात. आतवर फारच थोडे जातात.

म्हणून इंधन गोठवतात. ड्यूटेरियम उणे २५४ अंशांच्या आसपास घट्ट होते. त्याची कांडी काढून काही मिलिमीटर लांबीचे तुकडे पाडतात आणि दाबाखालच्या वायूने, बंदुकीसारखे, आत सोडतात. दुसऱ्या प्रकारात वेगाने फिरणारे चक्र गोळी भिरकावते. ज्वारी राखणारा शेतकरी गोफण फिरवतो, तत्त्व तेच. आत शिरताच गोळीचा पृष्ठभाग उडू लागतो, पण त्याच वाफेचा ढग उरलेल्या बर्फाला काही काळ झाकतो. गोळी टिकते ती जेमतेम मिलिसेकंदभर.

गोळी कोणत्या बाजूने येते, हे वेगाइतकेच महत्त्वाचे. टोकामक म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणारी कड्याच्या आकाराची भट्टी. तिच्या कड्यात बाहेरच्या बाजूने मारलेल्या गोळीचा ढग चुंबकीय क्षेत्राच्या उतारामुळे (आतल्या बाजूला प्रबळ, बाहेर क्षीण) पुन्हा बाहेर ढकलला जातो. आतल्या बाजूने मारली, तर तोच रेटा इंधनाला गाभ्याकडे नेतो. जर्मनीतील गार्शिंगच्या ‘आस्डेक्स अपग्रेड’ यंत्रावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे प्रयोगाने दिसले. या पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा शोध म्हणावा लागेल. मात्र आतल्या बाजूला पोचायला वाकड्या नळीतून जावे लागते आणि फार वेगात बर्फ फुटतो. त्यामुळे फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या प्रायोगिक संमीलन भट्टीच्या प्रकल्पासाठी, ज्यात भारतही भागीदार आहे, सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेग धरला आहे.

गोळ्यांचा दुसरा उपयोग प्लाझ्माच्या कडेला येणारे उद्रेक लहान आणि वारंवार ठेवण्याचा. मोठा उद्रेक भिंतीची झीज करतो.

आत गेलेल्या इंधनाचा अगदी लहान अंशच जळतो. बाकीचे पंपांनी ओढून, शुद्ध करून पुन्हा गोठवावे लागते. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही आणि १२.३ वर्षांत निम्मे उरते, त्यामुळे या फेऱ्यात त्याची गळती परवडत नाही.