उसाचा ट्रॅक्टर, उजनीची बोट आणि पिकअपची मागची चाकं

गाळप हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर हे दृश्य हमखास दिसतं. मागे शिगोशीग ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, आणि चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर वर उचललेली. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतोय, पण चाकंच हवेत, ट्रॅक्टर वळणार कसा? मग एखादा गडी बोनेटवर जाऊन बसतो आणि चाकं खाली टेकतात. इथे इंजिन कुठेही कमी पडलेलं नसतं. हुकावर पडलेलं ट्रॉलीचं वजन आणि चढावरची मागची ओढ, दोन्ही मिळून ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर उभं करायला बघत असतात.

जानेवारीत भाच्याचा फोन आला तेव्हा मला हाच ट्रॅक्टर आठवला. तो राहतो सोलापुरात विजापूर रोडला आणि नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, रोजचं जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. चार मित्रांनी मिळून १६ फुटी फायबरची बोट घेतलेली, ती वर्षातून आठ-दहा वेळा उजनी धरणाच्या पाण्यावर न्यायची. त्यासाठी डबल केबिनची पिकअप घ्यायचं त्याच्या डोक्यात होतं. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, किती एचपीची घेऊ?"

एचपी शेवटी बघायची, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं. पिकअप साधारण १,९०० किलोची, बोट आणि ट्रेलर मिळून टनभर धरू. सपाट डांबरी रस्त्यावर हे सगळं लटांबर ताशी ६० किलोमीटरनं ओढायला किती ताकद लागते? चाकांचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा जमेस धरला, तर १५ ते २० एचपी. शंभराला पाचचा चढ लागला तर पन्नासच्या आसपास. इसुझुच्या व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटरचं १६३ एचपीचं डिझेल इंजिन येतं, टोयोटा हायलक्समध्ये २.८ लिटरचं २०४ एचपीचं. दोन्हीकडे ताकद पुरून उरते. उभ्या गाडीला हलवताना कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ. तो व्ही-क्रॉसमध्ये ३६० न्यूटन-मीटर आहे, ऑटोमॅटिक हायलक्समध्ये ५००, आणि तोही कमी आरपीएमवर. टनभराच्या बोटीला यातली कुठलीही गाडी दमणार नाही.

मग अडतं कुठे? वजन कुठल्या चाकावर पडतं, तिथे.

पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण ३.१ मीटरचं अंतर असतं. हूक असतो मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्याही मागे, सव्वा मीटरच्या आसपास. आता हुकावर १०० किलो वजन टेकवलं, तर मागच्या ॲक्सलवर १०० किलो वाढत नाहीत, सुमारे १४० वाढतात. हे वरचे ४० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. मागचा ॲक्सल म्हणजे तराजूचा काटा समजा. एका बाजूला हूक, दुसऱ्या बाजूला इंजिन. हूक दाबला की पुढचं नाक तेवढं हलकं होतं. पुढे हजारावर किलो वजन असताना ४० गेले तर बिघडत नाही. पण हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, टेलगेटला (मागच्या फळीला) खेटून बर्फाच्या पेट्या, पेट्रोलचे कॅन, जाळी रचली की तेही ॲक्सलच्या मागे पडतं आणि हिशेब उसाच्या ट्रॅक्टरकडे सरकू लागतो. जड सामान हौद्यात पुढे, केबिनला टेकून ठेवायचं, ते याचसाठी.

आता उजनीचा काठ. धरण भरलेलं असताना पाणी पार वरपर्यंत असतं. उन्हाळ्यात 'उजनी वजा' झाली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की पाणी मागे सरतं आणि मधे उरतो ओल्या काळ्या मातीचा लांबलचक उतार. या मातीतल्या चिकण खनिजाचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांवरून घसरतात. पाऊस पडल्यावर शेतात चालताना चपलेला किलो-किलो माती चिकटते आणि पाय मात्र सटकतो, तीच ही माती. टायरच्या खाचा तिनं भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यातच जमा.

अशा उतारावरून बोट वर काढायची आहे. सात मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, एवढा चढ धरू. पिकअप आणि ट्रेलर मिळून २,९०० किलो, म्हणजे चढावर नुसतं टिकून राहायलाच सुमारे ४१० किलोची ओढ लागते. चाक आणि माती यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.३ धरला, तोही मी सढळ हातानं धरतोय. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर साधारण ८०० किलो असतात. त्यात हुकाचे १४० मिळवा, चढामुळे मागे सरकलेलं वजनही मिळवा, आकडा जातो हजाराच्या थोडा पुढे. त्याचे ०.३ पट म्हणजे ३००-३१० किलो. गरज ४१० ची! नुसती मागची चाकं फिरणारी गाडी तिथेच माती उडवत उभी राहणार, मग इंजिन २०४ एचपीचं असो की ४०० चं. चारही चाकं फिरली तर गाडीचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं. २,००० चे ०.३ पट म्हणजे ६००. गाडी निघते.

म्हणून माझं ठाम मत आहे की पाण्याच्या काठाला बोट न्यायची असेल तर फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकं फिरवणारीच, घ्यावी. हायलक्स आपल्याकडे फोर बाय फोरच मिळते. इसुझुकडे नुसती मागची चाकं फिरवणाऱ्या फोर बाय टूही आहेत, तेव्हा शोरूममध्ये नीट विचारून घ्यावं. फोर बाय फोरसोबत लो गिअर येतो, तो चाकावरचा पीळ सुमारे अडीच पट करतो, त्यामुळे चढावर क्लच जळत नाही. एक काळजी मात्र घ्यायची. या गाड्यांमध्ये फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. ओल्या मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण गिअरांवर येतो. एमआयडीसीला जाताना ते लावायचं नाही.

ओढण्याचं झालं. मला जास्त धाकधूक असते ती थांबवण्याची.

ताशी ८० च्या वेगात दोन टनांची पिकअप कचकन ब्रेक मारून कोरड्या रस्त्यावर साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. आता मागे टनभराचा ट्रेलर लावा, त्याला ब्रेक नाही. ब्रेक तेवढेच, वजन दीडपट. अंतर होतं ५४ मीटर. ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंदभरात जे बावीसेक मीटर जातात ते वेगळेच. पुणे रोडला पुढे उसाची बैलगाडी आडवी आली, तर त्या १८ मीटरच्या फरकात सगळं येतं. शिवाय ब्रेक नसलेला ट्रेलर वळणावर गाडीला मागून ढकलतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. साधा उपाय ओव्हररन ब्रेकचा. पिकअप हळू झाली की ट्रेलर आपल्याच वेगानं पुढे येऊन हुकावर दाब देतो आणि त्याच दाबानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नको, बटण नको. भाच्याला मी सांगितलं, दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक वाचव आणि त्यातून ट्रेलरला ब्रेक बसवून घे. गाडी किती ओढू शकते हा आकडा कंपनीकडून लेखी घे. आणि ट्रेलर कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याची आरटीओत नोंद हवी.

दुसरी भीती ट्रेलर झुलण्याची. बाणाचं टोक जड असतं आणि शेपटाला पिसं असतात, म्हणून बाण सरळ जातो. ट्रेलरचंही तसंच. वजन त्याच्या ॲक्सलच्या पुढे असेल तर बाजूनं धक्का बसला तरी तो आपोआप सरळ होतो. वजन मागे असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि वेग वाढेल तशी झोका जिरवण्याची ताकद कमी होत जाते. शेजारून कंटेनर गेला की त्याच्या हवेचा धक्का पहिला झोका द्यायला पुरतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर टेकलेला असावा, हा अमेरिका-ऑस्ट्रेलियात सांगितला जाणारा नियम यातूनच आलाय. बोटीत तर गोम अशी की तिचं इंजिन अगदी शेपटाला लटकलेलं असतं. झोका सुरू झालाच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. जोरात ब्रेक मारायचा नाही आणि उलटसुलट स्टिअरिंगही मारायचं नाही.

बोट वर्षात आठ-दहा दिवस, नोकरी तीनशे दिवस. तेव्हा रोजच्या वापराचंही बघायला हवं. पिकअपच्या मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात, ते हौद्यात माल भरेल या हिशेबानं कडक बनवलेले. हौदा रिकामा असला की कडक पाट्यावर हलकं वजन राहतं आणि गाडी सेकंदाला दोन-अडीच वेळा उसळते. सेकंदाला एक-दीड हेलकावे शरीराला सोसतात; त्यापेक्षा जलद हादरे कमरेला जाणवतात. लांबी ५.३ मीटर, नवी पेठेत ती लावायला जागा शोधत फिरावं लागणार. टनभराच्या छोट्या गाडीच्या मानानं सात रस्त्याच्या सिग्नलला दर वेळी जवळपास दुप्पट ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ती डिझेलमधूनच आलेली असते.

डिझेलचा आणखी एक मुद्दा. बीएस ६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ करायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि तेवढं टिकायला काही वेळ सलग वेगात गाडी चालावी लागते. चिंचोळीचा रस्ता त्याला अगदी सोयीचा. ज्याचं ऑफिस घरापासून तीन किलोमीटरवर पार्क चौकात आहे, त्यानं मात्र ही गाडी घेऊ नये असंच मी म्हणेन. जाळी तुंबत राहील.

सोलापूरचं ऊनही धरायला हवं. इंजिनातलं पाणी ९५ अंशांच्या आसपास असतं. बाहेर २५ अंश असताना फरक ७० अंशांचा, मे महिन्यात ४३ असताना ५२ चाच. रेडिएटर या फरकावरच उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्याचं काम चतुर्थांशानं घटतं. बोट न्यायची तर पहाटे पाचला निघावं.

काठावर पोचल्यावर घाई करायची नाही. टेंभुर्णीपर्यंत नव्वदेक किलोमीटर धावून ट्रेलरच्या चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असतो. आतली हवा गरम होऊन फुगलेली. तसाच तो पाण्यात बुडवला की हवा एकदम आकसते, आत पोकळी होते आणि सील पाणी आत ओढून घेतं. ग्रीसमध्ये पाणी, मग गंज, आणि पुढच्या फेरीला मोहोळच्या आसपास बेअरिंग आवाज करायला लागतं. अर्धा तास थांबा, तेवढ्यात पट्टे सोडा, सामान चढवा. थांबल्या थांबल्या हाताची पालथी बाजू दोन्ही हबांजवळ नेऊन बघा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर त्याचं बेअरिंग बदलायला आलंय.

भाच्यानं शेवटी व्ही-क्रॉसची फोर बाय फोर बुक केली. गाडी हातात यायच्या आधी आम्ही मित्राच्या जीपला लावून ट्रेलर वजनकाट्यावर नेला. त्यांच्या अंदाजानं ८०० किलो. बोट ३५०, इंजिन ९५, ट्रेलर अडीचशे, बाकी पेट्रोल आणि किरकोळ सामान. जीप सोडवून नुसता ट्रेलर तोलला, काटा म्हणाला १,०१०. दोनशे किलो कुठून आले हे शोधायला बोटीच्या तळाची फळी उचलली, तर खालचा फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. तो फोम आता बदलायला दिलाय.

मग ओळखीच्या भुसार दुकानातला पोती तोलायचा काटा मागून आणला आणि त्यावर ट्रेलरची दांडी टेकवली. ५२ किलो. हवे होते शंभरेक. सामान धरून बोट ७६० किलोची आणि हुकापासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत चार मीटर; बोट वीस सेंटिमीटर पुढे घेतली तर हुकावर ३८ किलो वाढणार, असा हिशेब मी खडूनं फरशीवर मांडून दाखवला. बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या विंचचा खांब सैल केला, चौघांनी बोट पुढे सरकवली, खांब पुन्हा आवळला. काट्यावर ९१ आले. फोम बदलल्यावर एकूण वजन आठशेवर येईल तेव्हा दांडी पुन्हा तोलायची आहे. भाच्यानं तोच खडू घेऊन ट्रेलरच्या चौकटीवर बोटीच्या टोकाजवळ एक रेघ मारून ठेवली.