दुधाचा दात, बँक आणि ताण

पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायची पद्धत कोल्हापुरात आता जुन्या पेठांतही विरळ झाली. राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात आई-वडील रुमालात गुंडाळलेला दात दाखवून विचारतात, "डॉक्टर, हा स्टेम सेल बँकेत ठेवायचा का?" स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांतून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात; बँक त्या पुढच्या उपचारांसाठी गोठवून ठेवते. या प्रश्नाची मुळं दात सरकवण्याच्या तारांपर्यंत जातात.

वाकडा आलेला दात रोज बोटानं ढकलावा, असा सल्ला रोमन काळातल्या वैद्यकग्रंथातही आहे. तो सरकतो कसा, हे 1904-05 मध्ये कुत्र्यांच्या जबड्याचे काप तपासल्यावर दिसलं. दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ओढीच्या बाजूला नवं धरतं. जोर जास्त झाला तर दाबाखालचा भाग काचेसारखा निर्जीव होतो आणि दात अडतो. 1932 मध्ये मर्यादा सुचवली गेली: मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम. आकड्यावर वाद झाले, हलक्या हाताचं तत्त्व टिकलं.

नवं हाड धरणाऱ्या पेशी कुठून येतात, याचा धागा बराच उशिरा सापडला. 2000 मध्ये अक्कलदाढेच्या मगजात, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ गाभ्यात, मूलपेशी मिळाल्या, 2003 मध्ये दुधाच्या दातात, 2004 मध्ये दात आणि हाडाला जोडणाऱ्या पडद्यात. ऊस सोलताना दात किंचित दबतो तो याच पडद्यावर, आणि त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर.

2003 नंतर दात साठवणाऱ्या बँका निघाल्या आणि 'स्टेम सेल' हा शब्द जाहिरातीत गेला. घोळ इथंच झाला. मगजातून काढलेल्या सगळ्याच पेशी मूलपेशी नसतात. 2003 च्या त्याच अभ्यासात दुधाच्या एका दातातून वसाहत धरू शकणाऱ्या, म्हणजे वाढून स्वतःचा गट करणाऱ्या, पेशी निघाल्या 12 ते 20. 2006 मध्ये हाडाच्या मज्जेतून, चरबीतून वाढवलेल्या अशा पेशींसाठी किमान निकष ठरले. त्याआधी 2005 मध्येच मूळच्या नावात 'स्टेम'ऐवजी 'स्ट्रोमल' (आधार देणाऱ्या ऊतीतला) हा शब्द सुचवण्यात आला होता, कारण 'स्टेम' म्हणण्याइतका पुरावा सरसकट नव्हता. बँकांनी मात्र जुनाच शब्द धरून ठेवला. भारतात 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी फक्त नाळेतल्या रक्ताच्या साठवणीला मुभा दिली, दाताच्या साठवणीला नाही. पैसे भरून बसलेल्या पालकांना हा निर्णय कडू लागला, काही जण माझ्यासमोर चिडलेही. मला तो योग्यच वाटतो, आणि त्याचं कारण पुन्हा ताणाकडे जातं.

2006 मध्येच दिसलं की मज्जेतली पेशी मऊ पृष्ठभागावर चेतापेशींकडे, कडक पृष्ठभागावर हाडाकडे वळते. 2010 मध्ये दाब ओळखणारी पिएझो ही प्रथिनं सापडली. 2021 चं वैद्यकाचं नोबेल ज्या शोधांना मिळालं त्यांत हाही होता. पडद्यातल्या पेशींना लयीत हलका ताण दिला तर त्या हाडाकडे झुकतात, ताण अती झाला तर दाह वाढतो. म्हणजे पेशीचं पुढं काय होणार, हे तिला कुठली जागा आणि किती ओढ मिळते यावरही ठरतं. गोठवलेल्या कुपीत यातलं काहीच नसतं.

2018 मध्ये चीनमध्ये मुलांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून अपघातात मेलेल्या पुढच्या दातांत घातल्या, आणि तिथं मगज पुन्हा तयार झाला. त्या पेशींना वाढायला दाताचीच पोकळी मिळाली होती. पडद्यासाठी तशी जागा, रोजच्या चावण्याच्या ओढीसकट, बाहेर उभी करणं अजून साधलेलं नाही.